अंगणातला पालापाचोळा अंगणातच : नाशिकच्या बागेसाठी आच्छादन

माघ सरत आला की नाशिकच्या जुन्या वसाहतींमध्ये सकाळी खराट्याचा आवाज वाढतो. देशी बदामाची तांबडी पाने, कडुनिंबाचा पिवळा सडा आणि आंब्याचा जुना पाला रोज नव्याने अंगणात पडतो. त्याचे ढीग होतात, त्यांतले बरेचसे घंटागाडीत जातात आणि काही अजूनही कोपऱ्यात पेटवले जातात. दोन महिन्यांनी त्याच अंगणात पाइप धरून उभ्या असलेल्या माणसाची तक्रार असते की सकाळी भिजवलेली माती दुपारपर्यंत कोरडी ठक्क होते. गळलेला पाला मातीवर पसरून ती झाकणे, म्हणजेच आच्छादन करणे, हा या तक्रारीवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मात्र पाला कोणता घ्यावा, तो किती जाड पसरावा आणि मुख्य म्हणजे कोणत्या महिन्यात पसरावा, याचा विचार केला नाही तर हाच उपाय झाडांच्या मुळावर येतो.

नैसर्गिक शेतीचा पुरस्कार करणारे सुभाष पाळेकर बीजामृत (पेरणीआधी बियाण्याला चोळायचे शेण-गोमूत्राचे मिश्रण), जीवामृत (जमिनीला द्यायचे शेण-गोमूत्राचे आंबवलेले द्रावण), आच्छादन आणि वाफसा ही आपल्या पद्धतीची चार अंगे सांगतात. त्यांतील शेवटची दोन एकमेकांना बांधलेली आहेत, हे नवख्या माणसाने सुरुवातीलाच लक्षात ठेवावे. वाफसा म्हणजे मातीच्या कणांमध्ये ओलावाही आहे आणि हवाही आहे, अशी स्थिती. उन्हाळ्यात आच्छादनामुळे वाफसा टिकतो. भर पावसाळ्यात मात्र जाड आच्छादनामुळेच तो मोडू शकतो.

माती झाकल्याने काय होते

नाशिक परिसरातील काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून तिला भेगा पडतात. या भेगांतून खालच्या थरातील ओलावाही उडून जातो आणि बारीक मुळे तुटतात. वर पाल्याचा थर असला की ऊन आणि वारा थेट मातीला लागत नाहीत, त्यामुळे वरचा थर सावकाश वाळतो आणि भेगा कमी पडतात. शहरातील नव्या सोसायट्यांमध्ये परिस्थिती बहुधा वेगळी असते. तिथे बांधकामाच्या वेळी टाकलेल्या मुरुमावर जेमतेम वीतभर माती अंथरलेली असते आणि मुरूम पाणी धरून ठेवत नाही. अशा जागी आच्छादनाची गरज काळ्या मातीपेक्षाही जास्त असते.

याखेरीज पावसाचे टपोरे थेंब उघड्या मातीवर आपटून वर जी घट्ट पापडी धरतात, ती आच्छादनाखाली धरत नाही, आणि मातीचे शिंतोडे पानांवर उडून पसरणारे टोमॅटोसारख्या पिकांवरील रोगही कमी होतात. उजेड न मिळाल्याने तणांचे बी कमी रुजते. तळाचा पाला कुजत जातो, गांडुळे तो खाली ओढतात आणि मातीतील सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यातून येणारा कार्बन, हळूहळू वाढतो.

पाला जाळण्याबद्दल इतकेच सांगतो की राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरावे लागतील, असा आदेश दिलेला आहे. शेजाऱ्यांच्या डोळ्यांत जाणारा धूर हे कारण मला तरी पुरेसे वाटते.

पहिली पायरी : पाला निवडणे

सर्व पाला सारखा नसतो. चिंच, गुलमोहर आणि कडुनिंब यांची बारीक पर्णदले आच्छादनासाठी उत्तम, कारण ती मातीवर भुसभुशीत बसतात, त्यांतून पाणी सहज खाली उतरते आणि ती लवकर कुजतात. फक्त चिंच आणि गुलमोहराचा पाला गोळा करताना त्यांतल्या शेंगा वेचून काढाव्यात. आंब्याचे पान चिवट आणि मेणचट असते. ते सावकाश कुजते आणि म्हणूनच मोठ्या झाडांच्या आळ्यात ते बरे पडते. बदाम, साग, वड यांची रुंद पाने आहे तशी कधीही पसरू नयेत. ती एकावर एक कौलांसारखी बसतात आणि झारीने घातलेले पाणी कौलांवरून जावे तसे वरच्या वर ओघळून वाफ्याबाहेर जाते. त्यांचा चुरा केल्यास मात्र ती इतर कोणत्याही पानाइतकीच उपयोगी असतात.

निलगिरीचा पाला नवशिक्याने टाळावा, कारण त्यातील द्रव्ये कोवळ्या रोपांची वाढ रोखतात. सुबाभूळ आणि गिरिपुष्प यांचा हिरवा पाला नत्राने (नायट्रोजनने) समृद्ध असतो, पण सुबाभळीच्या शेंगा चुकून आल्या तर पुढच्या पावसात वाफाभर सुबाभळीची रोपे उपटत बसावे लागते.

लॉनचे कापलेले गवत हे शहरी बागेत सहज मिळणारे साधन असले तरी त्याचा ओला ढीग केल्यास तो आतून तापतो, चिकट होतो आणि त्याला आंबूस वास सुटतो. म्हणून गवत एक-दोन दिवस उन्हात पसरून वाळवावे, किंवा ओलेच वापरायचे असल्यास एका वेळी एका बोटाच्या जाडीपेक्षा अधिक टाकू नये. ज्या लॉनवर तणनाशक मारले आहे, तिथले गवत घेऊच नये, कारण टू-फोर-डी सारखे औषध लॉनच्या गवताला काही करत नाही, पण टोमॅटो आणि वांग्याची पाने वाकडीतिकडी करते.

तणांच्या बाबतीत नियम सोपा आहे. फुलावर येण्याआधी उपटलेले तण वाळवून वापरता येते. बी धरलेले तण नाही. हरळी आणि लव्हाळा यांना मात्र कोणत्याही अवस्थेत आच्छादनात स्थान देऊ नये, कारण हरळीच्या प्रत्येक पेऱ्याला मुळे फुटतात आणि लव्हाळ्याच्या जमिनीतील गाठी पाल्याचा थर भेदून खुशाल वर येतात. गाजरगवताने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते, तेव्हा त्याच्या वाटेस न गेलेलेच बरे.

नाशिकपुरती दोन साधने वेगळी सांगितली पाहिजेत. एप्रिलमध्ये द्राक्षबागांची खरड छाटणी होते आणि दिंडोरी किंवा निफाडकडे कोणी नातेवाईक असेल तर काड्यांची एखादी टेम्पोभर भेट सहज येऊन पडते. या काड्यांवर भुरीसारख्या बुरशीचे अवशेष असतात आणि हंगामभर झालेल्या फवारण्याही असतात. त्यामुळे त्या घरच्या द्राक्षवेलीखाली किंवा भाजीच्या वाफ्यात घालू नयेत. शोभेच्या झाडांखाली, बोटभर लांबीचे तुकडे करून, खुशाल वापराव्यात. दुसरे साधन दसऱ्याचे. झेंडूची तोरणे आणि आंब्याचे डहाळे दाराला आठवडाभर लटकून वाळले की ते गोदावरीत सोडण्याऐवजी दोरा आणि टाचण्या काढून, फुले कुस्करून वाफ्यावर पसरावीत. त्यातले बी रुजून पुढे झेंडू उगवतो, पण या तणाबद्दल तक्रार करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

एक सूचना कायद्याची आहे. पडलेला पाला गोळा करायला कोणाला विचारावे लागत नाही; परंतु शहरी भागात झाड तोडायचे किंवा मोठ्या फांद्या छाटायच्या तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो आणि महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आच्छादनासाठी म्हणून झाडावर कोयता चालवू नये.

दुसरी पायरी : चुरा करणे

पाला बारीक करण्याची यंत्रे बाजारात मिळतात, पण घरच्या बागेला त्यांची गरज नाही. पाला दोन दिवस उन्हात वाळू द्यावा. दुपारी दोन-तीनच्या सुमारास, पाने मुठीत दाबल्यावर कुरकुर वाजू लागली की ती गोणीत अर्ध्यापर्यंत भरावीत, गोणीचे तोंड सुतळीने बांधावे, ती सपाट जमिनीवर आडवी करावी आणि चपला घालून तुडवावी. दर मिनिटाला गोणी उलटवली तर पाच मिनिटांत आतल्या पाल्याचा चुरा होऊन तो निम्म्याहून कमी जागेत बसतो. सकाळी दवाने मऊ झालेली पाने कितीही तुडवली तरी फक्त चेपतात, म्हणून वेळ दुपारचीच निवडावी. घरात लहान मुले असतील तर हे काम त्यांना द्यावे. ती ते पूर्ण करतात आणि वर आणखी गोण्या मागतात.

गोळा करतानाच प्लास्टिकचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या, तार आणि काच वेगळी काढावी. रस्त्याच्या कडेच्या पाल्यात हे सगळे हमखास असते.

तिसरी पायरी : किती लागेल याचा हिशेब

दहा फूट लांब आणि चार फूट रुंद वाफ्याचे क्षेत्र चाळीस चौरस फूट होते. त्यावर तीन इंच म्हणजे पाव फूट जाडीचा थर द्यायचा तर दहा घनफूट, म्हणजे सुमारे २८३ लिटर चुरा लागतो. पन्नास किलो गव्हाच्या गोणीत साधारण ६५ लिटर माल मावतो, तेव्हा तुडवून चुरा केलेल्या चार ते साडेचार गोण्या हाताशी हव्यात आणि न तुडवलेल्या पाल्याच्या याच्या दुपटीहून अधिक. नवखी मंडळी नेहमी एक गोणी घेऊन सुरुवात करतात आणि वाफाभर नखाएवढा थर पसरतात, ज्याचा काहीही उपयोग होत नाही. पाला कमी असेल तर सगळीकडे पातळ पसरण्यापेक्षा एकच वाफा नीट झाकावा.

चौथी पायरी : माती तयार करून पाला पसरणे

आधी तण मुळासकट काढावे. मग वाफ्याला सावकाश आणि भरपूर पाणी द्यावे, जेणेकरून ओल किमान वीतभर खाली जाईल. कोरड्या मातीवर आच्छादन केल्यास ते कोरडेपणाच झाकून ठेवते आणि वरून घातलेले थोडेसे पाणी पाल्यातच मुरते, ही या कामातली सर्वांत सामान्य चूक आहे. ठिबकची नळी असेल तर ती मातीवर, पाल्याच्या खाली राहील अशी आधीच अंथरावी आणि पाणी सोडून प्रत्येक तोटी चालते की नाही हे पाहून घ्यावे. नंतर पाला उकरून तुंबलेली तोटी शोधणे कंटाळवाणे असते.

वाळलेल्या पाल्यात कर्ब फार आणि नत्र कमी असते. तो कुजवणारे जिवाणू लागणारे नत्र मातीतून उचलतात. पाला मातीत मिसळला तर ही उचल मुळांच्या पट्ट्यात होऊन रोपे पिवळी पडतात. तो केवळ वर ठेवला तर परिणाम मातीच्या वरच्या पातळ थरापुरता राहतो. म्हणून आच्छादनाचा पाला खुरप्याने मातीत कालवू नये. पाला पसरण्याआधी मातीवर चांगल्या कुजलेल्या शेणखताचा पातळ थर द्यावा, किंवा पसरल्यानंतर दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण कालवून तो शेणकाला वरून शिंपडावा. लाकडाचा भुसा वापरण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यात नत्र पाल्याहूनही कमी असते; भाजीच्या वाफ्यासाठी तो घेऊ नये.

भाज्यांच्या वाफ्यात दोन ते तीन इंच, झाडांच्या आळ्यात तीन ते चार इंच आणि कुंडीत एक इंच जाडी पुरते. कुंडीत पाला काठाच्या अर्धा इंच खालीच राहिला पाहिजे, नाहीतर गच्चीवरच्या वाऱ्याने तो शेजाऱ्यांच्या गॅलरीत जातो. रोपाच्या खोडाभोवती तीन-चार बोटे आणि मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी. आळे मधे खोलगट आणि कडेला उंच असावे, पाल्याचा ढिगारा बुंध्याला टेकलेला नसावा.

ही शेवटची गोष्ट मी अनुभवाने शिकलो. बाग सुरू केल्याच्या पहिल्या पावसाळ्यात एका पपईच्या बुंध्याला, तिला ऊब मिळावी अशा भाबड्या समजुतीने, मी ओल्या गवताचा गुडघाभर ढीग लावला होता. श्रावणात पाने मलूल झाली तेव्हा मी पाणी वाढवले. एके सकाळी झाड कलले, मी ढीग बाजूला केला, आणि जमिनीलगतचे खोड बोटाने दाबताच आत गेले. साल तपकिरी, पाणचट झाली होती आणि कुजक्या बटाट्यासारखा वास येत होता. वर चौदा फळे लागलेली होती.

मेथी, कोथिंबीर, पालक यांसारखे बी थेट पेरायचे असेल त्या जागी आधी आच्छादन करू नये. रोपे चार बोटे उंच झाली की ओळींच्या मधे पातळ थर द्यावा. मिरची, वांगी, टोमॅटो यांची रोपे लावल्यानंतर आठवडाभराने पाला घालावा.

पाचवी पायरी : ऋतूप्रमाणे जाडी बदलणे

इतरत्र प्रसिद्ध होणाऱ्या मार्गदर्शनात आच्छादन एकदा करून विसरून जा, असे सुचवलेले असते. नाशिकमध्ये ते चालत नाही, कारण इथे वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात.

मार्च ते मे या काळात पूर्ण जाडी ठेवावी. पानगळ याच सुमारास संपत असल्याने साधनांची ददात नसते. पाणी देण्याआधी पाला बाजूला सारून खालची मूठभर माती घ्यावी आणि दाबावी. गोळा झाला आणि बोटाने टोचताच तो फुटला तर वाफसा आहे, त्या दिवशी पाणी देऊ नये. गोळा मुळीच होत नसेल तर पाणी द्यावे. चिखलासारखा चिकटला तर पाणी आधीच जास्त झाले आहे. वरचा पाला कोरडा दिसतो म्हणून रोज झारी फिरवणे ही सवय मोडावी लागते, आणि ती मोडायला आच्छादन करण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

मृगाच्या आसपास पाऊस सुरू होण्यापूर्वी जाडी एक इंचावर आणावी आणि काढलेला पाला गोण्यांत भरून छपराखाली ठेवावा. एक इंच थर पावसाच्या माऱ्यापासून माती वाचवायला पुरतो आणि जादा ओल उडून जायलाही वाव राहतो. काळ्या, निचरा नसलेल्या जमिनीत जुलैमध्ये तीन इंचांचा ओला थर म्हणजे मूळकुजीला आमंत्रण होय. इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वरच्या बाजूला पाऊस शहराच्या कितीतरी पट असतो. तिथे भाजीच्या वाफ्यांवरून पाला जवळजवळ काढूनच ठेवावा. उलट सिन्नर, येवला या कमी पावसाच्या भागांत दोन इंच थर पावसाळाभर ठेवला तरी हरकत नसते.

सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आठवडा सप्टेंबरअखेरचा आहे. पाऊस उघडतो, माती खोलवर भिजलेली असते आणि ऑक्टोबरचे ऊन अजून सुरू व्हायचे असते. याच वेळी गोण्यांतला राखून ठेवलेला पाला पुन्हा पसरला तर पावसाचे फुकटचे पाणी मातीत बराच काळ अडवता येते. दसऱ्यानंतर आठवण झाली तर तोवर वरची वीतभर माती सुकलेली असते.

हिवाळ्यात दोन-अडीच इंच ठेवावे. निफाडकडे पारा फार उतरतो तेव्हा द्राक्ष बागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात आणि बागेला पाणी देतात, कारण ओली उघडी माती दिवसा साठवलेली उष्णता रात्री वरच्या हवेला देते. जाड पाला ही उष्णता खालीच अडवतो, मुळांना ऊब मिळते, पण वरच्या कोवळ्या शेंड्यांना मिळत नाही. म्हणून कडाक्याच्या थंडीच्या दोन-चार रात्रींपुरता नाजूक रोपांभोवतीचा पाला बाजूला सारून माती ओलवून ठेवावी.

अडचणी आणि सावधगिरी

वाळवी दिसली म्हणून घाबरून औषध ओतू नये. ती सुकलेली काडी खायला येते. काड्या बारीक असल्या, पाला थोडा ओलसर असला आणि बुंध्याला टेकलेला नसला की जिवंत झाडाला ती सहसा हात लावत नाही. घराच्या भिंतीपासून मात्र फूटभर अंतर मोकळे ठेवावे. पावसाळ्यात गोगलगायी पाल्याखाली लपतात. संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओले गोणपाट टाकून ठेवले तर सकाळी त्या त्याखाली गोळा झालेल्या सापडतात आणि उचलून मिठाच्या पाण्यात टाकता येतात. पाल्यावर पांढरी बुरशी दिसली तर ती कुजण्याच्या क्रियेचाच भाग समजावा.

दोन धोके मात्र खरोखर गंभीर आहेत. पाल्याच्या जुन्या ढिगात विंचू आणि साप आसरा घेतात. शहराच्या कडेच्या, मोकळ्या प्लॉटांना लागून असलेल्या घरांत हे विशेष लक्षात ठेवावे. ढीग हाताने कधीही उचलू नये; आधी लांब काठीने हलवावा, मग दाताळ्याने ओढावा आणि पायांत बूट असावेत. दुसरा धोका आगीचा. दिवाळीत फटाक्याची एक ठिणगी कोरड्या पाल्याला पुरते, म्हणून त्या चार दिवसांत रस्त्यालगतच्या वाफ्यांवर संध्याकाळी पाणी शिंपडावे.

उरलेला पाला

एवढे करूनही पाला उरतोच. तो भिजवून, खाली आणि बाजूंना भोके पाडलेल्या गोण्यांत दाबून भरावा, गोण्या सावलीत ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा उलटवून पाण्याचा हबका मारावा. साधारण वर्षभरात, पुढच्या पानगळीपर्यंत, त्याचे काळे, मोकळे आणि पावसानंतरच्या मातीसारखा वास येणारे खत तयार होते. ते चाळून कुंड्यांच्या मातीत, एक भाग खताला तीन भाग माती या प्रमाणात, मिसळावे. चाळणीवर राहिलेले देठ आणि अर्धवट कुजलेले तुकडे नव्या गोणीच्या तळाशी घालावेत, म्हणजे त्यांतल्या जिवाणूंमुळे पुढची गोणी लवकर तयार होते.